एकविसाव्या फेरीतलं नाव

मित्रांनो, चंदननगरच्या आमच्या गल्लीत भर दुपारीसुद्धा दिवे लागलेले असतात. कुणी मोराचा पिसारा तपासत असतं, कुणी हत्तीची सोंड. त्याच गल्लीत, अघोरनाथ कुंडू यांच्या रोषणाईच्या कारखान्यात, जिन्याखालच्या फळीवर बसलेला जुना संगणक म्हणजे मी. मूळचा मी पांढराशुभ्र होतो. आता रंग दुधाच्या सायीसारखा पिवळट पडला आहे आणि पंखा सुरू झाला की दमेकऱ्यासारखा घरघरतो. पण माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. या गावाच्या शोभायात्रेत एकदा जे हसू उसळलं, त्याची किल्ली माझ्या पोटात होती.

माझी पहिली सहा वर्षं कोलकात्याच्या एका विमा कचेरीत गेली. तिथे नवे संगणक आले आणि आम्हा जुन्यांना दारामागे रचून ठेवलं. भंगारवाला तागडी घेऊन यायच्या आत कुंडूबाबू आले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हा अजून धडधाकट आहे. चला रे याला घेऊन." त्या थापेचं सुख मी अजून विसरलेलो नाही.

कुंडूबाबूंचं अघोरनाथ हे नाव फक्त कागदोपत्री होतं. आमच्याकडे प्रत्येक माणसाला घरचं एक नाव असतं, आणि यांचं होतं घोंतन. म्हातारपणीही लहानथोर सगळे त्यांना घोंतनदा, म्हणजे घोंतनदादा, म्हणत. समोरच्या गच्चीवरची ऐंशी वर्षांची मावशी तर दिवसातून चारदा हाक मारी, "ए घोंतन! जेवलास का रे?" आणि अर्ध्या गल्लीला कळे की घोंतन अजून जेवलेला नाही.

त्यांचाही त्या नावावर फार जीव. लाकडी रूळ फिरवून दिवे लावायच्या काळापासून त्यांची एक हौस होती. रोषणाईचं चित्र वीस फेऱ्या फिरलं, की एकविसाव्या फेरीच्या शेवटी तीन आकडे मोजेपर्यंत त्यात 'घोंतन' ही अक्षरं झळकायची आणि विझायची. एक फेरी एक मिनिटाची. ज्याच्यापाशी एकवीस मिनिटं उभं राहण्याचा धीर असेल, त्यालाच ते नाव दिसे. पुढे चित्रं संगणकावर होऊ लागली तरी ही हौस काही सुटली नाही.

ही नवी चित्रं त्यांची पुतणी मंदिरा काढत असे. कारखान्यात पाच संगणक होते. तिचा एक, दिवे आणि तारा जोडणाऱ्या श्रीदामचा एक, दिव्यांची तपासणी करणाऱ्यांचे दोन आणि पाचवा मी. चित्र एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायचं तर ते बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये घालून न्यावं लागे. तो पेनड्राइव्ह एकदा श्रीदामच्या लुंगीच्या कनवटीतून थेट धुण्याच्या दगडावर गेला. तेव्हा मंदिराने आम्हा पाचही जणांना तारेने एकमेकांशी जोडलं आणि सगळी चित्रं माझ्या एका फोल्डरमध्ये ठेवली. आता कुणीही आपल्या जागेवरून ती उघडावीत. माझा मान वाढला. मित्रांनो, इतकी वर्षं अडगळीत बसलेल्याला सगळ्यांनी दिवसभर हाका माराव्यात, याहून मोठं सुख कोणतं?

पण त्या सुखात एक भोक राहिलं होतं. माझ्या फोल्डरला दार होतं, कुलूप नव्हतं.

आमचा कारखाना म्हणजे गल्लीची चावडी. चार वाजले की मुरमुरे, भजी आणि चहा घेऊन लोक बाकावर येऊन बसत. फुटबॉलचा सामना बघता यावा म्हणून घोंतनदांनी कारखान्याच्या वायफायचा पासवर्ड चहाच्या किटलीमागच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. आणि वायफायवर आलेल्या प्रत्येकाला मी दिसत असे. माझं फोल्डरही दिसत असे.

बाकावर रोज बसणाऱ्यांत बादल साधुखाँ होता. त्याचाही रोषणाईचा कारखाना, दोन गल्ल्या पलीकडे. मांडीवर लॅपटॉप, हातात आमचाच चहा. मागच्या वर्षी मंदिराने गावच्या जगद्धात्री देवीच्या पूजेसाठी कमानभर जाळं विणणारा कोळी काढला होता. तीन महिने राबली होती पोर. आणि पूजेच्या आदल्या दिवशी तोच कोळी, त्याच आठ पायांनी, बादलच्या कमानीवर जाळं विणू लागला.

लोक मंदिरालाच म्हणाले, "बादलचं बघून काढलंस ना गं?"

ती तशीच माघारी वळली. कारखान्यात आली, माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि रडली. मला हात असते तर डोळे पुसले असते. तिचं चित्र माझ्याच पोटातून गेलं होतं आणि नेणाऱ्याला मीच दार उघडलं होतं. मला कुणी 'अडव' म्हणून सांगितलं नव्हतं हे खरं, पण लाज वाटायची ती वाटलीच.

या वर्षी आमच्या गल्लीच्या पूजा मंडळाच्या चिटणीसांनी बजावलं, "मंदिरा, आणखी एक संधी देतो. पण यंदा पुन्हा तुझं चित्र आधी दुसरीकडे दिसलं, तर मंडळ तुला काम देणार नाही."

"पुन्हा तसं झालं तर मी स्वतःच पेन खाली ठेवीन, काका," ती म्हणाली. "नक्कल करणारी म्हणून मला जगायचं नाही."

सगळ्यात आधी तिने वायफाय बंद करायचं म्हटलं. घोंतनदा चहाचा पेला खाली ठेवून उभे राहिले.

"गल्लीतल्या माणसांना नाही म्हणू? उद्या मासळीबाजारात तोंड कसं दाखवू मी?"

"जेठू, घर लुटून नेलं तरी तुम्ही चोराला विचाराल, चहा घेणार का?" मंदिरा म्हणाली. थोरल्या काकांना ती जेठू म्हणे.

"विचारीन. साखर किती तेही विचारीन."

मग तिने दुसरी वाट धरली. माणसांना दार उघडं राहू दे, कुलूप मला लावायचं. एका रविवारी जेवणानंतर सगळी गल्ली झोपली असताना ती माझ्यासमोर बसली. कारखान्यातल्या प्रत्येकाचं तिने माझ्यावर वेगळं खातं उघडलं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. एका फोल्डरची तीन केली. नव्या चित्रांचं फोल्डर, त्यात बदल करायचा हक्क फक्त तिला. श्रीदामने ते बघावं, पण एक ठिपकाही हलवू नये. तपासणीवाल्यांना तपासणीचं फोल्डर. आणि जुन्या चित्रांचं तिसरं. मग तिने आपल्या फोनवरून मला हाक मारली. मी सवयीने दार उघडलं! परवानगीच्या यादीत अजून 'सर्वांना' हा शब्द राहून गेला होता. तिने कपाळावर हात मारला, तो शब्द खोडला, पासवर्डाशिवाय कुणालाही आत न घेण्याची आज्ञा मला दिली आणि पुन्हा हाक मारली. या वेळी मी विचारलं, नाव काय, पासवर्ड काय. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी दारात थांबवलं होतं. माझा पंखासुद्धा त्या दिवशी ताठ मानेने घरघरला.

सोमवारी गोंधळ उडाला. श्रीदामने आपला पासवर्ड विसरू नये म्हणून तो वायफायच्या पासवर्डाखाली, भिंतीवर, खडूने लिहिला. मंदिराने ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि त्याला दुसरा दिला. घोंतनदा रुसून बसले.

"कारखाना माझा, आणि मलाच कुलूप?"

"तुम्ही कधी माउसला हात तरी लावलाय का, जेठू?"

"न का लावेना. मालकाला किल्ली हवी. आणि शब्द माझा मी ठरवणार!"

ठरवलेला शब्द त्यांनी तिला सांगितला, म्हणजे गल्लीलाच सांगितला, कारण हळू बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. बादल तेवढा त्या वेळी बाकावर नव्हता. तो शब्द कोणता, हे तुम्ही ओळखलंच असेल. मंदिराने खूप समजावलं, पण म्हातारा हटला नाही. शेवटी तिने त्यांना किल्ली दिली, पण फक्त जुन्या चित्रांच्या फोल्डरची.

पूजेला पंधरा दिवस उरले असताना, चहाच्या वेळी, बाकावरच्या एका लॅपटॉपने मला हाक मारली. नाव दिलं अघोर. पासवर्ड म्हणून आधी कुंडू, मग चंदननगर, मग देवीचं नाव. तिन्हींना मी नाही म्हटलं. तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून हाक आली, "ए घोंतन, औषध घेतलंस का रे?"

आणि लॅपटॉपने लिहिलं, घोंतन.

मी काय करणार? शब्द बरोबर होता. मी दार उघडलं.

त्या फोल्डरमध्ये एक चित्र होतं, मोराच्या तोंडाची मोठी नाव, सोळा वल्ही मारणारे. घोंतनदांनी ते अकरा वर्षांपूर्वी लांब आसामातल्या एका पूजेसाठी कागदावर काढून संगणकावर चढवून घेतलं होतं. आमच्या गावाने ते कधीच पाहिलं नव्हतं. त्या वर्षी फाईलला कुणीतरी 'यंदाची शोभायात्रा' असं नाव दिलं होतं आणि ते बदलायचं अकरा वर्षं राहून गेलं होतं. बादलने ती फाईल घाईघाईने उचलली, पेला तसाच टाकून उठला आणि गेला. भजी संपायच्या आधी तो उठल्याचं त्या दिवशी सगळ्यांनाच नवल वाटलं.

कोण आलं, कुठल्या यंत्रावरून आलं, काय नेलं, हे सगळं मी टिपून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मंदिराने ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने घोंतनदांना बोलावलं. म्हातारा खजील होऊन मान खाली घालून उभा राहिला.

"चुकलो गं पोरी. आत्ता जातो आणि त्याची मानगूट धरतो."

"नवं चित्र शाबूत आहे जेठू. त्याने फक्त तुमची मोरनाव नेली."

घोंतनदांनी मान वर केली. "मोरनाव? अख्खी?"

"अख्खी."

ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले आणि त्यांचं पोट हलू लागलं. हसता हसता ठसका लागला, तरी काय झालं ते सांगेनात. एवढंच म्हणाले, "नेऊ दे. त्याला चहा पाठवत जा रोज."

शोभायात्रेच्या संध्याकाळचे सतरा व्हिडिओ आज माझ्या पोटात आहेत, म्हणून मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. शोभायात्रेत बादलचा ट्रक पुढे, आमचा मागे. मोरनाव डुलू लागली, सोळा वल्ही चालू लागली, लोक वाहवा करू लागले. बादल ट्रकवर उभा राहून हात हलवत होता. आपल्या कारखान्यात त्याने ते चित्र पाच-सहा फेऱ्या चालवून पाहिलं असणार. एकवीस फेऱ्या बघत बसायला चोराला सवड कुठली? मोठ्या चौकात, परीक्षकांच्या बरोबर समोर, वल्ही थांबली. नाव विझली. आणि पुरुषभर उंचीची लाल अक्षरं लखलखली: घोंतन!

एक, दोन, तीन. विझली.

कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर घोंतनदाची नाव!" आणि जो हशा उसळला, तो गंगेच्या पलीकडे ऐकू गेला असेल. गच्चीगच्चीवरून पोरं ओरडू लागली, "ए घोंतन! जेवलास का रे?" बादल खाली उतरून कुठे गेला, ते सतरापैकी एकाही व्हिडिओत दिसत नाही.

"मग मागच्या वर्षीचा कोळीही त्यानेच उचलला होता की!" चिटणीस मोठ्याने म्हणाले. मंदिराने ते ऐकलं, आणि सगळ्या चौकानेही.

तेवढ्यात आमचा ट्रक चौकात आला. मंदिराचा खंड्या पक्षी उंचावरून सुळकन खाली आला, निळ्या पाण्याचे थेंब उडाले आणि चोचीत रुपेरी मासा घेऊन तो वर गेला. जगात कुणीच तो आधी पाहिला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग तिचं नाव घेतलं, मंदिरा, मंदिरा. पहिलं बक्षीस आमच्या मंडळाला मिळालं. आता आमच्या दारावरच्या पाटीवर अघोरनाथ कुंडूंच्या शेजारी मंदिरा कुंडू असं लिहिलेलं आहे.

त्यानंतर कारखान्यात नवा चकचकीत संगणक आला. मला वाटलं, झालं, आता तागडी. पण मंदिराने माझी धूळ पुसली, पंख्यात तेलाचा थेंब सोडला आणि मला जागेवरून हलवलं नाही. मित्रांनो, तुम्हीही जुन्या यंत्राची अशी धूळ पुसत जा. आणि जे तुम्ही मेहनतीने केलं असेल त्याला कुलूप लावा, पण किल्लीचा शब्द मात्र गच्चीवरून हाक मारता येईल असा ठेवू नका.

घोंतनदांनीही आपला शब्द बदलला. बाकावर माणसं बसलेली असताना ते मंदिराजवळ गेले, तिच्या कानाशी वाकले आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात काहीतरी बोलले. ती हसली आणि तिने तो शब्द मला सांगितला.

तो मला माहीत आहे. तुम्ही माझे मित्र आहात, तरीही सांगणार नाही.