तीन जेवणं आणि आबांचा कान

मी एक जुनं कानाचं मशीन आहे. करंगळीच्या दोन पेरांएवढं, आणि रंगानं बेसनासारखं. डॉक्टर मला श्रवणयंत्र म्हणतात, पण आमच्या वैशाखरे गावात मला सगळे 'लडकूआबांचं मशीन' म्हणूनच ओळखतात. मित्रांनो, माझं आयुष्य तसं कानामागेच गेलं. तरीही त्यातले दोन दिवस असे आहेत, की आठवले तरी माझा सेल गरम होतो. त्या दोन दिवसांत आम्ही एका मोठ्या खेळनगरीत तीन वेळा जेवलो. कुठे जेवायचं हे ठरवताना काय काय घडलं, तेच आज सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या कारखान्यात झाला. चार वर्षांपूर्वी मुरबाडच्या एका शिबिरात मी आबांना मिळालो. डॉक्टरांनी मला त्यांच्या उजव्या कानामागे बसवलं, नळी कानात घातली आणि बटण दाबलं. शेजारी आबांची बायको हिराबाई उभी होती. सवयीनं ती जोरात ओरडली, "येतंय का वो ऐकू?"

आबा दचकून खुर्चीतून उठलेच. "अगो, हळू! बहिरा समजलीस का मला?"

सगळी रांग हसली. पुढचे काही दिवस माझा काय थाट होता! आबा अंगणात उभे राहून कोंबड्या ऐकायचे, चुलीपाशी बसून फोडणी ऐकायचे. शेजारचे म्हातारे मला बघायला यायचे. एकानं तर माझ्याशीच बोलून बघितलं.

मग एका लग्नात आबा थेट डीजेच्या भिंतीसमोर बसले. एवढा गोंगाट मला सोसेना. मी त्यांच्या कानात सगळाच कल्ला ओतला, वर शिट्ट्याही मारल्या. आबांनी मला उपटून खिशात टाकलं. घरी आल्यावर चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवलं आणि डबी फडताळात. दोन वर्षं मी तिथेच पडून होतो. सेल संपला, अंगावर धूळ बसली, आणि मी घरात आहे हेच सगळे विसरले.

मला बाहेर काढलं ते मनस्वीनं. त्या वेळचं सगळं मला नंतर घरातल्यांच्या बोलण्यातून कळलं. मनस्वी म्हणजे आबांची नात, अकरा वर्षांची. तिचे वडील हरेश आसनगावजवळच्या एका कंपनीत कामाला आहेत. ते, तिची आई योगिनी आणि मनस्वी आटगावला राहतात. पोरगी वाऱ्यासारखी धावते. त्या मे महिन्यात तिची दूरच्या एका निवासी क्रीडाशाळेत निवड झाली होती. जूनमध्ये ती जाणार, म्हणून हरेशनं ठरवलं की त्याआधी सगळ्यांनी मिळून दोन दिवस 'नवलनगरी' बघून यायचं. हिराबाई म्हणाली, "मी बचत गटाच्या बायांबरोबर जाऊन आले. तुमी जावा, म्हशीकडं मी बघते."

आबांना घ्यायला सगळे वैशाखऱ्याला आले. मनस्वीनं आधीच बजावून ठेवलं होतं, "माझ्या शाळेचं आबांना कुणी नाय सांगायचं. मीच सांगणार." आबांचा चष्मा शोधता शोधता तिच्या हाती माझी डबी लागली. तिनं मला मऊ फडक्यानं पुसलं आणि वाटेत मुरबाडच्या मेडिकलमधून नवा सेल घेतला. "आबा, घाला."

"नको गो. शिट्ट्या मारतंय त्ये."

"माझ्यासाठी!"

आबांनी मला घातलं. दोन वर्षांनी मला पहिला आवाज ऐकू आला तो मनस्वीच्या टाळ्यांचा.

नवलनगरीच्या फाटकात मोठा नकाशा लावला होता. आकाशपाळणे, भुताचा बंगला, पाण्याची घसरगुंडी आणि जेवायच्या सात जागा. प्रत्येकीचं सोंग वेगळं. मनस्वी नकाशासमोरून हलेना. "पप्पा, आपल्याकडे जेवणं तीनच! आजचं दुपारचं, आजचं संध्याकाळचं आणि उद्याचं दुपारचं. एक जरी चुकलं तरी फुकट जाईल." मग तिनंच नियम केला. पहिली जागा ती निवडणार, दुसरी आईपप्पा आणि तिसरी आबा.

"मला काय कळतंय त्यातलं," आबा म्हणाले.

"कळवून घ्या," मनस्वी म्हणाली.

तिनं निवडलं चाच्यांचं जहाज. खरोखरच्या जहाजाएवढं हॉटेल! आत शिडं, दोरखंड, डोळ्यावर पट्टी बांधलेले वाढपी. जेवण छोट्या आगगाडीतून टेबलापर्यंत यायचं आणि मधूनच तोफ उडायची. तोफ उडाली की सगळी पोरं किंचाळायची. मनस्वी तर खुर्चीवरच उभी राहिली. पण भिंती पत्र्याच्या होत्या, आणि एकेक आवाज चार चार वेळा माझ्यावर येऊन आदळत होता. मी पुन्हा शिट्टी मारली. आबांनी गुपचूप मला काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ते कुणीच पाहिलं नाही.

नेमकं तेव्हाच मनस्वी त्यांच्याकडे झुकली. खिशातून मला सगळं ऐकू येत होतं. "आबा, माझी मोठ्या शाळेत निवड झाली. मी आता तिकडंच राहणार!"

आबांनी मान डोलावली. तोंडभर हसून म्हणाले, "हां, हां. मीठ बराबर हाय."

मनस्वी मटकन खाली बसली. तिला वाटलं, आबांना आपलं जाणं आवडलं नाही म्हणून त्यांनी विषय बदलला. पुढचा आगगाडीचा फेरा आला तरी तिनं त्यातलं काही उचललं नाही. मी खिशात तडफडत होतो, पण मशीनला स्वतःचा आवाज नसतो, मित्रांनो.

संध्याकाळ होता होता सगळे पाण्याच्या घसरगुंडीपाशी गेले. आबा कठड्याला टेकून उभे होते. वरून होडी सुटली आणि धाडकन पाण्यात आपटली. लाट उसळली ती थेट आबांच्या छातीवर. मला एक बुडबुडा ऐकू आला आणि सगळं थांबलं.

पुढचं मला माहीत आहे ते मनस्वीनं नंतर हिराबाईला सांगितलं म्हणून. आबांनी खिशातून मला काढलं तेव्हा माझ्यातून पाणी गळत होतं. हरेश म्हणाला, "जाऊ दे, जुनंच व्हतं."

मनस्वीच्या मात्र तेव्हा सगळं ध्यानात आलं. "आबा, हे खिशात कसं? सकाळी कानात व्हतं ना? जहाजात पण खिशातच व्हतं?" ती खुणा करून विचारत होती. आबांनी नजर चुकवली. मग तिला मिठाचं उत्तर कळलं. तिला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. तिनं माझा सेल काढला, मला रुमालानं टिपलं आणि धूम ठोकली. क्रीडाशाळेत उगाच नाही निवड झाली तिची!

आईपप्पांनी संध्याकाळसाठी झगमगत्या दिव्यांची गुहा निवडली होती. पण मनस्वी घुसली ती मोठ्या पाळण्यामागच्या एका छोट्याशा खानावळीत. आठ टेबलं, ना सोंग, ना तोफ. चुलीपाशी रेश्माताई नावाची बाई घावणे काढत होती.

"ताई, मूठभर कोरडे तांदूळ द्याल?"

"कशाला गो?"

"आबांचा कान भिजलाय!"

रेश्माताईनं एक क्षण तिच्याकडे बघितलं आणि डब्यातून वाडगाभर तांदूळ काढले. ओल शोषली जावी म्हणून मला पातळ फडक्यात गुंडाळून त्यात पुरलं. मागून धापा टाकत योगिनी आली, हरेश आला, आबा आले. गुहेचं नावही कुणी काढलं नाही. तिथेच सगळे जेवले. घावणे, नारळाचं दूध आणि सुकटाची चटणी. वाडगा टेबलाच्या मधोमध होता. वाढायला आली की रेश्माताई विचारायची, "पेशंट कसाय?" आणि सगळे हसायचे. योगिनी मनस्वीला म्हणाली, "शाळेचं कागदावर लिहून दाखव ना आबांना."

"नाय. त्यांनी ऐकलंच पायजे."

रात्री वाडगा मुक्कामाच्या खोलीवर मनस्वीच्या उशाशी होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला तांदळातून काढलं, सेल बसवला आणि बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग दुरून काहीतरी आलं, मग जवळून, आणि मग अगदी स्पष्ट, "आबा?"

"ओ!" आबा म्हणाले.

मनस्वीनं अशी किंकाळी मारली, की तशी मी जहाजातसुद्धा ऐकली नव्हती!

आता तिसरी पाळी आबांची. मनस्वीनं त्यांचा हात धरला. "चला, प्रत्येक हॉटेलच्या दाराशी उभं राहायचं. डोळे मिटायचे. काय ऐकू येतं ते सांगायचं. तुमच्या मशीनला बरं वाटेल तिथं जेवायचं." आणि निघाली दोघांची वरात! गुहेच्या दाराशी आबा म्हणाले, "नुसतं धम् धम्. पुढं चल." जंगलाच्या दाराशी स्पीकरवर पाखरं ओरडत होती. आबांनी कान टवकारला. "ह्ये पाखरू आपल्या रानात नाय. आणि एकच पाखरू सारखं सारखं वरडतंय." मनस्वी पोट धरून हसली. काचेच्या घुमटात ताटांचा खणखणाट, बर्फाच्या महालात पंख्यांची घरघर. आबांना त्या खेळाची अशी गोडी लागली की तेच पुढे आणि मनस्वी मागे.

शेवटी राहिला राजवाडा. मनस्वीनं तो पहिल्याच दिवशी 'बोअर' म्हणून खोडला होता. दाराशी फेटेवाला उभा होता. आत पायाखाली जाड गालिचे, भिंतींवर मखमली पडदे. आबांनी पाऊल टाकलं आणि ते थबकले. सगळा गोंगाट गालिच्यात जिरून गेला होता. शिट्टी नाही, आदळआपट नाही. पलीकडच्या टेबलावरचं बाळ हुंकारलं, तेही मला ऐकू आलं.

"हितं," आबा म्हणाले. "हितंच बसू."

ताटं आली. मनस्वी उठून आबांच्या उजव्या बाजूला, माझ्या बाजूला येऊन बसली. अजिबात न ओरडता म्हणाली, "आबा, माझी खेळाच्या शाळेत निवड झालीय. जूनपासून मी तिकडंच राहणार. लांब."

आबांनी हातातला घास खाली ठेवला. "काल जहाजात ह्येच सांगत व्हतीस?"

"हो."

"आणि मी मीठ बोललो."

आबा ताटाकडे बघत म्हणाले, "समोरचा हसला की हसायचं आणि मान हलवायची, एवढंच करत आलो गो बाय दोन वर्सं. मला वाटलं, आता म्हाताऱ्याशी बोलण्यासारखं कुणाकडं काय उरलंय?"

हरेशनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"मला सांगायचं व्हतं ना," मनस्वी म्हणाली. "तुमालाच पयलं."

आबांनी डोळे पुसले. "फोन करू देतात का तिथं?"

"रविवारी. दहाच मिनटं."

"मंग त्यातली पाच माझी!"

मनस्वी आनंदानं अशी ओरडली की राजवाड्यातसुद्धा माझी शिट्टी वाजली. फेटेवाला वळून बघू लागला. आबांनी हात कानाकडे नेला. मला वाटलं, आता पुन्हा खिसा! पण त्यांनी मला फक्त नीट बसवलं आणि म्हणाले, "आता सगळं सांग. कितव्या नंबरानं आलीस?"

मित्रांनो, आता मी म्हातारा झालोय. माझा रंग उडालाय, नळीही दोनदा बदलली. पण आबा मला रोज पुसतात, आंघोळीआधी आठवणीनं काढून ठेवतात आणि झोपताना, सेल उगाच संपू नये म्हणून, त्याचं दार उघडं ठेवतात. तुमच्या घरी माझं एखादं भावंड डबीत पडलेलं असेल, तर त्याला बाहेर काढा, नवा सेल घाला. आम्हाला पाण्यापासून जपा. पण एवढं करून भागणार नाही, कारण मी फक्त आवाज आत पोचवतो. काही सांगायचं असेल तर गोंगाटातून बाजूला घ्या, जवळ बसा, एकेकानं बोला. आणि सगळे मिळून बाहेर जेवायला निघालात, तर तुमच्या आजीला, आजोबांना आधी विचारा, "कुठे बसलं तर तुम्हाला आमचं बोलणं ऐकू येईल?" आणि ते सांगतील तिथेच बसा.