रिकाम्या ट्यूबांची टोपली

राजनंदिनीचं पोस्टकार्ड माझ्या टेबलावर पडून होतं आणि मी त्याला उत्तर देत नव्हतो. तसा रोज लिहीत होतो. पण 'कदाचित' हा शब्द किती वेळा घालावा हे ठरेना, म्हणून रोज फाडत होतो. मी फोन उचलत नाही हे तिला ठाऊक आहे. हिंगोलीच्या वाचनालयात मी पुस्तकं देत असे, तेव्हापासूनची तिची ओळख. तिनं लिहिलं होतं :

"काका, ह्यांच्या हातांना डॉक्टरनं ट्यूब दिली. लावून लावून हात लालभडक झाले, खपल्या धरल्या. लई आग होते. नाक्यावरचे भस्मेबाबा म्हणतात, ट्यूब म्हणजे विष, आमच्या टोपलीत टाका. टाकू का? तुमी लई वाचलंय."

वाचलंय खरं, पण कादंबऱ्या.

तिचा नवरा प्रभू जन्मापासून पांढरा. केस, पापण्या, कातडी, सगळंच. अशा कातडीला ऊन सोसत नाही आणि याचं काम शेळ्या चारायचं. हातांवर खडबडीत डाग उठले होते.

शेवटी ते कार्ड घेऊन मी त्याच डॉक्टर धम्मदीप यांच्या दवाखान्यात रांगेत बसलो.

"कुठं उठलंय, काका?"

"मला नाही. हिच्या नवऱ्याला," म्हणून मी कार्ड पुढं केलं.

ते खो-खो हसले, मग नीट सांगितलं. ते डाग तसेच ठेवले तर पुढं कॅन्सर होऊ शकतो. ट्यूबमधलं औषध कॅन्सरवरच्या औषधांपैकीच, फक्त वरून लावायचं. ते बिघडलेल्या पेशी मारतं, म्हणून कातडी लाल होते, सोलते. "म्हणजे औषध कामाला लागलंय. मुदत संपली की ट्यूब बंद, मग नवी कातडी येते. मधेच सोडलं तर बिघडलेलं आत राहतं. सोडू नका म्हणावं."

"तुम्हीच लिहाल का तिला?"

"बसस्टँड इथून जवळ आहे, काका," डॉक्टर म्हणाले.

राजनंदिनीच्या कनेरगाव नाक्यावर उतरलो, तर ढाब्यामागं जत्राच भरली होती. जीपच्या टपावर माणसं, बाभळीवर माणसं. मधे खाटेवर भस्मेबाबा, टकलापासून अंगठ्यापर्यंत राख. राख आपल्याच तंदूरमधली, हे ढाबेवाला ज्याला-त्याला छाती फुगवून सांगत होता. समोर टोपली, तिच्यात ट्यूबा.

"विष सोडा, भस्म जोडा!" बाबा गरजले. "डॉक्टर पेटवतो, बाबा विझवतो! बोलो, कोण विझलं?"

"मी विझले!" मिराबाई म्हणून एक बाई उठल्या. "कपाळ निसतं अंगार झालं हुतं. ट्यूब टोपलीत टाकली, बाबानं भस्म लावलं, आन् आता बघा, लेकरावानी! हात लावून बघा!"

लोक रांग लावून कपाळाला हात लावू लागले. रांगेत मीही होतो. कपाळ खरंच मऊ होतं. माझं 'कदाचित' पुन्हा डोकं वर काढू लागलं.

तेवढ्यात प्रभू पुढं आला. त्यानं बाह्या वर केल्या आणि गर्दीच्या तोंडून "आई गं!" निघालं. मागं राजनंदिनी, मुठीत ट्यूब घट्ट धरलेली.

"टाक पोरी," बाबा म्हणाले. "न्हाई तर हात गळून पडतील."

"टाक ना," प्रभू कळवळला. "झोप न्हाई मला. सारखी आग होऊन राहिली."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं. डॉक्टरांचं सगळं सांगायचं होतं, पण एवढ्या लोकांसमोर एकच प्रश्न बाहेर पडला, तोही भलतीकडं.

"मिराबाई, तुम्ही ट्यूब टाकली तेव्हा आत औषध किती होतं?"

"औषध?" मिराबाई चिडल्या. "औषध कशाचं राहतंय? डॉक्टरनं सांगितलं तेवढं सारं लावलं, मंग टाकली. भरलेली ट्यूब फेकायला मी काय येडी हाय का?"

राजनंदिनी टोपलीवर झेपावली. एक ट्यूब दाबली. दुसरी दाबली. मग टोपलीच उपडी केली.

"बगा, बगा! साऱ्या रिकाम्या! खालून गुंडाळून गुंडाळून पिळल्यात!"

"मंग काय, आमी बी संपवूनच टाकली," कुणीतरी म्हणालं. "आमी बी," बाभळीवरून आवाज आला. हसू पेटलं ते जीपच्या टपापर्यंत गेलं. आमच्या भागात कुणी थेंबभर औषध वाया घालवत नाही. बाबांचं दुकान नेमकं त्याच गुणावर चाललं होतं. औषध काम संपवी, कातडी आपसूक भरून येई आणि नाव राखेचं होई.

"ट्यूब रिकामी असंल," बाबा ओरडले, "श्रद्धा भरलेली हुती!"

आता मात्र मला डॉक्टरांचं बोलणं सांगता आलं. 

"मंग आमी औषध पुरं करणार," राजनंदिनी म्हणाली, "आन् राख बिलकुल लावणार न्हाई."

"भस्माबिगर हात भरायचे न्हाईत!" बाबांनी सगळ्यांसमोर बजावलं.

प्रभूनं कण्हत, शिव्या देत औषध पुरं केलं. ऊन टाळायचं म्हणून शेळ्या राजनंदिनीनं राखल्या. मग ट्यूब बंद झाली, खपल्या गळाल्या आणि खाली कोवळी गुलाबी कातडी आली. ते हात बघायला नाका पुन्हा भरला.

बाबांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "मी लांबून फुंकर मारली हुती."

"लांबून भागतं व्हय?" राजनंदिनी म्हणाली. "मंग हा दरबार काहून? फोन करतो आमी, तुमी घरूनच फुंका!"

ढाबेवाला हसता हसता तंदूरवर टेकला आणि भाजून ओरडला. कुणीतरी म्हणालं, "बाबा, विझवा त्याला!" त्या गोंधळात मिराबाईंनी टोपली कोंबड्यांसाठी उचलून नेली.

"काका, माझ्या कार्डाचं उत्तर राहिलं," राजनंदिनी म्हणाली.

"आता कशाला?"

"सेनगावच्या जनकाबाईला डॉक्टरनं तसलीच ट्यूब दिलीय. बाबा आता तिकडं निघालेत. तिला दाखवायला लिहिलेलं हातात पाहिजे."

घरी आलो आणि एका बैठकीत लिहिलं :

"चि. राजनंदिनीस, ट्यूब टाकू नये. लाली, आग, खपल्या येणारच. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लावावी. उन्हात जाऊ नये. लावणाऱ्यानं नंतर आपली बोटं धुवावीत, पोटुशी बाईनं औषधाला हात लावू नये, शेळीला-कुत्र्याला चाटू देऊ नये. पू झाला, ताप आला किंवा आग सोसेना, तर थेट डॉक्टरकडं जावं. आणि कुणी चमत्कारानं बरं झालं म्हणालं, तर त्याआधी त्यानं काय काय केलं होतं ते विचारावं. विचारायला धीटपणा लागत नाही, मलाही जमलं."

कार्डात 'कदाचित' एकदाही आलं नव्हतं. त्यामुळं टपालपेटीत टाकताक्षणी घाबरलो आणि कार्ड परत काढायला हात आत घातला. मनगट अडलं.

बरं झालं. कार्ड गेलं.