तीन सापांनंतर हिरा

आमच्या मालकांना भोकरदनात हुशार समजत. यावरून भोकरदनची काय ती कल्पना यावी.

बसस्टँडच्या मागे एका पत्र्याच्या गाळ्यात त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. चार टीव्ही, चार मशीन, शाळेनं काढून टाकलेले बाक आणि गल्ल्यावर साहेबराव, म्हणजे आमचे मालक, माझा नवरा. केदारखेड्याची शेती भाऊ कसत होता आणि हे इथे पोरांना माकडउड्या शिकवत बसले होते. मी जवळच्याच एका शाळेत आठवी-नववीला गणित शिकवत होते. वर्गातून गायब झालेला पोरगा कुठे सापडेल हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या दुकानात एक कॅसेट फार चाले. टोपीवाला एक बुटका किल्ल्यातून पळत जातो आणि किल्ला संपला की समोर तीन मडकी येतात. त्यातलं एक फोडायचं. हिरा निघाला तर पुढचा किल्ला, साप निघाला तर तोच किल्ला परत. कोणतं मडकं फोडायचं यावर त्या गाळ्यात जेवढी डोकी चालली, तेवढी माझ्या वर्गात वर्षभरात चालली नाहीत. कुणी डाव्या अंगठ्यानं बटण दाबायचं, कुणी आधी रिमोट कपाळाला लावायचं. एक पठ्ठ्या तर शनिवारी मधलं मडकं फोडायचाच नाही. ही माझ्याच वर्गातली रत्नं.

मालकांनी मात्र दिवसदिवस बसून एक शोध लावला. लागोपाठ तीनदा साप निघाला की चौथ्या वेळी हिरा निघतोच, मडकं कोणतंही फोडा. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी एका रविवारी दुपारभर बसून पाहिलं. शोध खरा निघाला. गेम बनवणाऱ्यानंच तशी सोय करून ठेवली होती, हरून हरून पोरं उठून जाऊ नयेत म्हणून. कापडवाला गिऱ्हाइकाला चहा पाजतो, तसली ती दया. मी मालकांना हे सगळं समजावून सांगितलं.

"सोय न्हाई, नेम हाय तो," ते म्हणाले. "दुनियेचा नेम. गेमवाल्यानं दुनियेत बघूनच घेतला असंल."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्या दिवसापासून एसटीला तीनदा जागा मिळाली नाही की चौथी गाडी रिकामी येणार, असं ते स्टँडवर उभ्या माणसांना सांगू लागले. आणि माणसं ऐकत, हा त्याच्याहून मोठा कहर. केदारखेड्याचे कचरू म्हणून एक गृहस्थ होते, रानात तीन बोअर मारून तिन्ही कोरडे गेलेले. ते सल्ला विचारायला दुकानात आले. मालकांनी छातीठोकपणे सांगितलं, "मार चौथा. लागणारच." चौथ्यातून नुसती पांढरी धूळ निघाली. कचरू तोंड पाडून परत आले तेव्हा मालकांना थोडी तरी शरम वाटेल, अशी मला वेडी आशा होती.

"तुझ्या बापाच्या विहिरीला पाणी लागल्तं ना?" मालकांनी विचारलं.

"लागल्तं."

"मंग ती विहीर धरली का तू? हिरा आधीच निघाल्ता तुमचा. मोजणीच चुकली तुझी."

आणि कचरू मान डोलावत, स्वतःची चूक कबूल करून निघून गेले.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या घरात तीन मुली होत्या.

तिसरीच्या वेळी जालन्याच्या दवाखान्यात माझं रक्त थांबता थांबत नव्हतं. डॉक्टरीणबाई नंतर खाटेशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बेबीनंदाताई, पुन्हा दिवस राहिले तर तुम्ही वाचाल असं मी सांगू शकत नाही. ऑपरेशन करून घ्या." मालकांनाही त्यांनी बाहेर हेच सांगितलं. ते ऐकून आत आले आणि मला म्हणाले, "बाई चांगली हाय, पण तिला मोजणी माहीत न्हाई. तीन झाल्या. आता चौथ्याला हिराच."

हिरा कोण ते कळलं. मग माझ्या तीन मुली कोण, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.

मी गणित सांगून पाहिलं. हातात नाणं घेऊन पाहिलं. "ह्याला आधी काय पडलं ते आठवत नसतं," मी म्हणाले. "मशीनला आठवतं, कारण कुणीतरी तिला तसं शिकवलंय. माझ्या पोटाला कुणी शिकवलंय?"

"देवानं," ते म्हणाले.

गाढवापुढे वाचली गीता. मरणाची भीती सांगून पाहिली, तर म्हणाले, माझ्या आईला सात झाली, काही झालं का? सासूबाईंनी तर नातवाचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. आणि नवऱ्याचा होकार नसेल तर त्या काळी ऑपरेशनसाठी बाईला कुणी हात लावत नसे. मी मुलींना मध्ये घेऊन झोपू लागले. पण असं किती दिवस चालणार? घर त्यांचं, दाराची कडी त्यांची.

एकदा दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. एका पोराचा नुकताच तिसरा साप निघाला होता. आता चौथं मडकं फुटणार म्हणून सगळा गाळा त्याच्या पाठीशी गोळा झालेला, आणि नेमकी लाईट गेली. जरा वेळानं आली तेव्हा त्या पोरानं विचारलं, "साहेबराव काका, आता चौथंच धरायचं ना?"

"न्हाई रे बाबा," मालक म्हणाले. "लाईट गेली की मशीन सगळं इसरती. मोजणी परत पहिल्यापासून. आता परत तीन साप." त्यांचा चेहरा असा पडला होता, की सख्ख्या चुलत्याच्या मातीला गेले तेव्हाही एवढा पडला नव्हता.

मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. "परत पहिल्यापासून?"

"बिलकुल पहिल्यापासून."

"मंग आपली कुठून धरायची?"

"आपली कसली?"

"दुसरीच्या मागं माझं पोट पडल्तं. पाचवा महिना होता. तवा लाईट गेल्ती म्हणायची का न्हाई?"

घास हातातच राहिला. हिशोब त्यांच्या तोंडावर मला दिसत होता, फळ्याजवळ उभ्या केलेल्या ढ पोराच्या तोंडावर दिसतो तसा. दुसरीनंतर मोजणी पुसली गेली. मग तिसरी मुलगी ही तिसरी नव्हे, पहिली.

"म्हंजे अजून दोन पोरी?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोन. मंग हिरा."

"म्हंजे एकूण पाच पोरी?"

"नेमच हाय तसा. तुम्हीच तर सांगून राह्यले सगळ्यांना."

त्यांनी जेवण अर्ध्यावर टाकलं. संध्याकाळी दुकान लवकर बंद करून घरी आले आणि चपला काढायच्या आधी म्हणाले, "करून टाक आप्रेशन. मी येतो संगं."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला किळस आली. पाचव्या महिन्यात मी मोरीत पडून होते, तेव्हा या माणसानं दुकान बंद केलं नव्हतं. ते लेकरू त्यांनी त्या दिवसापर्यंत कशातच धरलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं पटलं नाही, माझं मरण पटलं नाही, आणि लाईट गेलेली पटली. अशा माणसाच्या होकारावर माझा जीव टांगलेला होता.

जालन्याला त्या दिवशी ऑपरेशनला आलेल्या बायका बऱ्याच होत्या. माझ्या शेजारच्या खाटेवर शहागडची चांगुणाबाई होती. नवरा धर्मराज ट्रकवर ड्रायव्हर. तिलाही तीन मुलीच होत्या, आणि तिसरीच्या वेळी तिला झटके येऊन दोन दिवस शुद्ध नव्हती.

"लई मुश्किलीनं तयार केलं आमच्या मालकाला," ती म्हणाली. "पाया पडले, उपास धरला. आता आज सुटले बघा, बाई." माझा नंबर तिच्या आधी होता. मला आत नेताना तिनं माझा हात दाबला.

जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी होती. मला वाटलं, तिला आत नेलं असेल. पण खाटेखालची तिची पिशवीही नव्हती. मी नर्सला विचारलं.

"तिचा नवरा घेऊन गेला तिला," नर्स म्हणाली. "रडत होती, पण गेली."

तेवढ्यात मालक शहाळं घेऊन आत आले. चेहरा असा की गावजेवण घालून आलेत.

"बाहेर त्या धर्मराजसंगं गोष्टी झाल्या," ते स्टुलावर बसत म्हणाले. "त्याच्या तीन, लागोपाठ. मधी एकदाबी लाईट गेलेली न्हाई. मी म्हणलं, येड्या, हिऱ्याच्या दारात येऊन माघारी फिरून राह्यला का? जल्दी घरी ने तिला. बराबर पटलं त्याला. एका घराचं भलं झालं बघ आपल्या हातून."

मी उठायला गेले आणि कळ आली, तशी परत पडले.

"जा," मी म्हणाले. "शहागडची गाडी अजून स्टँडवर लागलेली असंल. धर्मराजला गाठा. म्हणावं मोजणी चुकली, मधी लाईट गेल्ती."

"पण तिची गेलीच न्हाई."

"तरी सांगा. मरंल ती."

ते खरोखर दुखावले होते.

"खोटं कसं सांगू, बेबी? हिशोब हाय हा. दुसऱ्याच्या घरादाराचा सवाल हाय."

लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी किती खोटं बोलला, ते मी कधी मोजत बसले नाही. खोटं बोलायला नको म्हणाले ते एवढ्या एकाच वेळी. त्यांनी शहाळं माझ्या उशाशी ठेवलं, कलंडू नये म्हणून भिंतीला नीट टेकवून. मी त्यांच्याकडे पाठ करायला गेले. टाक्यांमुळे तेही धड जमलं नाही.