कुसुमबाईंची विहीर आणि मी, गिरमिट

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. लाकडाला भोकं पाडणारं नव्हे हं! वर आडवी मूठ, खाली पिळदार पातं, असं माझं रूप. मूठ धरून फिरवलं की मी जमिनीत शिरतो आणि माती घेऊन वर येतो.

माझा जन्म घमापुरातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. त्याच शहराच्या राइट टाउन भागातल्या माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं मला घेतलं. शाळांच्या, पुलांच्या पायासाठी मी कितीतरी माती वर काढली. पुढे यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात पडलो. अंगावर गंज चढला. फार वाईट वाटायचं.

मग श्रद्धा तिथे नोकरीला लागली. घमापुरात तिच्याच गल्लीतला पेट्रोलपंप बंद पडला होता. जमिनीखालची डिझेलची टाकी उकरून नेली, तेव्हापासून शेजारच्या कुसुमबाईंच्या विहिरीपाशी वास येऊ लागला. विहीर पत्र्यानं झाकली गेली. माती तपासायची ठरली, पण गल्लीत मोठं यंत्र शिरेना, म्हणून श्रद्धानं मला शोधून काढलं. मला कोण आनंद झाला!

भीमजयंती जवळ आली होती. मिरवणुकीला दर वर्षी याच विहिरीचं पाणी पाजायचा गल्लीचा रिवाज. कोणीतरी म्हणालं, यंदा कॅन मागवू. कुसुमबाई उसळल्या.

"कॅनचं पानी तर कुठंबी भेटते. आमच्या मामंजीले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, म्हणून इथं येऊन त्यांनी ही खोदली. सगळ्यांले पाजाले! ते मी काहून बंद करू?"

माती काढायच्या आदल्या दिवशी श्रद्धानं मला स्कूटरवरून घरी आणलं. तिचे बाबा अंबादास संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले. गंजलेलं हत्यार दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचे. त्यांनी मला मांडीवर घेतलं, रॉकेलच्या फडक्यानं गंज उतरवला, वर तेलाचा हात फिरवला. एवढे लाड माझे कोणीच केले नव्हते! मी लखलखू लागलो. श्रद्धाला वाटलं, बाबांनी नुसतं घासून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी टाकीच्या खड्ड्याभोवती, विहिरीच्या वाटेवर आणि ताडून पाहायला वरच्या चढावरही मला फिरवलं. दर भोकानंतर तिनं मला घाईघाईत पाण्यानं विसळलं, पण तेल पाण्याला थोडंच दाद देतं! विहिरीत दोरीनं नळी सोडून पाणीही घेतलं. पाणी चांगलं निघालं. माती मात्र सगळीकडची तेलकट. म्हणजे आज ना उद्या पाणीही नासणार. पत्रा काढायचा नाही, असं ठरलं. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलता कुठे येतं मला!

श्रद्धाला मात्र चैन पडेना. "डिझेल उतारानं जाईल ना? ते चढावर कसं चढलं?" असं म्हणत तिनं मला उचललं, नाकाशी नेलं आणि थबकली.

"बाबा, सच बताओ, याला काय लावलं तुम्ही?"

"रॉकेल अन् तेल," अंबादास अभिमानानं म्हणाले. "कारखान्यात आम्ही असंच ठेवत होतो, बेटा." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी हळूच विचारलं, "चुकलं का माझं काही?"

"अंबादासभाऊ," कुसुमबाई म्हणाल्या, "डिझेल राहिलं बाजूले, तुम्हीच बुडवून राहिले होते आमची विहीर!" आणि सगळे हसत सुटले.

मग साबण, ब्रश, गरम पाणी! दर भोकाआधी अंबादासांनीच मला घासलं. या वेळी चढावरची माती स्वच्छ निघाली, विहिरीच्या वाटेवरचीही. टाकीच्या खड्ड्याच्या तळाशी तेवढा काळा डाग होता. ती माती खणून नेली आणि वास गेला. विहिरीचं पाणी पुन्हा तपासलं, तेही चांगलंच.

जयंतीच्या सकाळी पत्रा निघाला. मला वाटलं, पहिली बादली मिरवणुकीला जाईल. कुसुमबाईंनी ती माझ्यावर ओतली. "याचंबी तोंड धुवून घेऊ दे," म्हणाल्या. दुसऱ्या बादलीतला पहिला पेला त्यांनी अंबादासांच्या हातात दिला. बिचाऱ्यांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, आम्हा अवजारांना कोपऱ्यात टाकू नका. पुसा, घासा, लाड करा. फक्त उद्या आम्हाला कोणतं काम आहे, तेवढं आधी विचारा. आणि जयंतीला घमापुरात आलात, तर पाणी प्यायला कुसुमबाईंकडेच या. त्या विहिरीवर कोणालाही अडवत नाहीत.