थर्मनसाठी दुसरं पत्र

अलाबामातल्या आमच्या चर्चात कुणाबद्दल वावगं लिहायची रीत नाही. सव्वीस वर्षं मी इथली चिटणीस. जिवंत असो की मेलेला, माणसाचं चांगलंच लिहीत आले. इराकच्या लढाईतून मोडून आलेल्या थर्मन पेटवेला पेन्शन वाढवून हवी होती. "आता याच्याच्यानं नोकरी होत नाही, एवढं लिही वर्नेलताई," म्हणाला. मी लिहिलं, थर्मनभाऊ देवमाणूस. चर्चची झाडलोट करतात, एक रविवार चुकवत नाहीत.

अर्ज नामंजूर. कारण म्हणून माझीच वाक्यं छापलेली: झाडलोट करतो, म्हणजे नोकरी जमते.

"ताई, स्तुती केलीस की शवपेटीला खिळे ठोकलेस?" तो हसला. "कोंबड्यांच्या कारखान्यातून तीनदा हाकललंय मला. आता चौथ्यांदा जाऊ? अपिलाला महिना आहे. खरं लिही."

खरं मला ठाऊक होतं. दोन बाकं झाडून तो बसून राही. उरलेलं मी झाडायची. पाळकबुवा दयेनं पगार देत.

आणखीही ठाऊक होतं. बुवांचं प्रवचन शेवटाकडे सुरात चढतं, ओळीओळीला ऑर्गन हुंकार देतो, टाळ्यांचा कडकडाट होतो. मला त्या घटकेला येशू शेजारी बसल्यासारखा वाटतो. लढाईआधी थर्मनचा आवाज सगळ्यांच्या वर असे, "चढवा बुवा, चढवा!"

मी लिहिलं, 'सूर चढला की हा माणूस स्वयंपाकघरात टेबलाखाली कान दाबून पडतो. कपडे ओले होतात. फरशी मी पुसते.'

अपिलावर सही करण्याआधी त्यानं माझं पत्र दोनदा वाचलं.

"तुला माहीत होतं?"

"चार वर्षं."

"आणि मी सांगायचो, सरबत सांडलं."

"मीही तेच सांगायचे, भाऊ."

त्यानं सही केली. माझ्याकडे न बघता टोपी उचलली.

तीन महिन्यांनी मंजुरी आली. पाळकबुवांनी व्यासपीठावरून देवाचे आभार मानले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थर्मन नव्हता. पत्र दिलं त्या दिवसापासून तो चर्चात आलेलाच नाही. डबा घेऊन त्याच्या घराचं दार ठोठावलं, तर आतून म्हणाला, "ताई, जेवण पायरीवर ठेव."

परवाच्या रविवारी बुवांचा सूर असा लागला की बायका उठून नाचल्या. सवयीनं मी पोछा घेऊन स्वयंपाकघरात गेले. टेबलाखाली वाकून पाहिलं.

फरशी कोरडी होती.