दोन मिनिटांची फाईल

मी एक तात्पुरती फाईल बोलतेय. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. माझं आयुष्य दोन मिनिटांचं ठरलं होतं. आज सहावा दिवस आहे, आणि माझं हे जास्तीचं जगणं एका आईच्या मुळावर आलंय.

लहान मुलांच्या दवाखान्यात माझा जन्म झाला. इथली खरी नोंदवही कॉम्प्युटरमध्ये कुलूपबंद असते. बाळाचं नाव, वजन, औषधं, आईचा फोन, घरचा पत्ता, सगळं तिच्यात. दर शनिवारी कॉम्प्युटरवाले काका तिची प्रत दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवतात. त्यासाठी त्यांनीच एक प्रोग्राम लिहिलाय. तो कुलूप काढतो, सगळा मजकूर माझ्यासारख्या एका फाईलीत ओततो, तिला दवाखान्यातल्या कुणालाही उघडता येणाऱ्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवतो, तिथून मजकूर पलीकडे पाठवतो आणि शेवटी तिला पुसतो. माझ्याआधी कितीतरी बहिणी अशाच आल्या नि गेल्या. सगळ्यांचं नाव एकच, 'तात्पुरती यादी'. कुलूप एकीलाही नाही.

मी भरत होते तेव्हा नोंदणीवाल्या ताई मागे उभ्या होत्या.

"काका, ही अशी उघडीच? कुणी बघितली म्हणजे?"

"दोन मिनिटांची पाहुणी ती. तिला कसलं कुलूप? तुम्ही आपला चहा सांगा."

"चहा तुम्हीच सांगा. मला दोनच हात आहेत."

तेवढ्यात डॉक्टरबाईंनी हाक मारली. प्रिंटर अडकला होता, बाहेर पोरं रडून रडून लाल झाली होती. काकांनी प्रोग्राम मधेच थांबवला. "राहिलेलं पुढच्या शनिवारी," म्हणाले आणि धावले. काम थांबलं म्हणजे मागे काही उरलं नाही, असं त्यांना वाटलं. पण मला पुसायची ओळ अगदी शेवटची होती. प्रोग्राम तिथवर पोचलाच नाही.

सोमवारी औषधांच्या खिडकीवरचा माणूस संपलेल्या औषधांची यादी शोधत होता. नावात यादी दिसली म्हणून त्यानं मला उघडलं. खाली सरकवता सरकवता एका ओळीवर थांबला.

"अरेच्चा, वहिनी."

त्याच्या मावसभावाची बायको. तीन महिन्यांपूर्वी बाळाला घेऊन घरातून निघून गेलेली. ओळीच्या शेवटी ताईंनी शेरा लिहिला होता, 'पत्ता कुणालाही देऊ नये, वडिलांनाही नाही.' तो त्यानं वाचला. जरा घुटमळलासुद्धा. मग फोन लावला.

"दादा, वहिनी सापडली. लिहून घे. आणि हे बघ, हात उचलू नकोस हां. नीट समजावून आण दोघांना."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. घर जोडतोय असंच त्याला वाटत होतं.

आज ती आली. कडेवर बाळ नव्हतं. हातात औषधाची बाटली होती.

"ताई, पत्ता फक्त तुम्हाला सांगितला होता मी."

"मी नाही गं कुणाला बोलले. पोराची शपथ."

"मग काय भिंतीनं सांगितलं? काल घेऊन गेले त्याला. औषध माझ्याकडेच राहिलं. दोन वेळा दिलं नाही तर झटके येतात त्याला. माझा फोन उचलत नाहीत. तुम्ही तरी लावा."

ताईंनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. खिडकीवरचा माणूस मान खाली घालून गोळ्यांची पाकिटं लावत होता.

डॉक्टरबाईंनी काकांना बोलावलं. त्यांनी नोंदवही तपासली. "कुलूप जसंच्या तसं आहे. इथून काही गेलेलं नाही." तेव्हापासून सगळे ताईंकडे वेगळ्याच नजरेनं बघतायत.

काका, वहीचं कुलूप बघून झालं, आता सामाईक फोल्डरही उघडा. मला कुणी उघडलं ते विचारा आणि मग मला पुसून टाका. पुन्हा माझ्यासारखी जन्माला घालाल तेव्हा तुमच्याशिवाय कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी घाला, आणि काम अर्धवट सुटलं तरी तिला आधी पुसा. मी गेले म्हणून त्या आईचं बाळ परत येणार नाही, एवढं मला कळतं. पण माझ्यात अजून तीनशे अकरा बाळांचे पत्ते आहेत.