हट्ट्याच्या शकुबाईंसाठी टोपडं

शनिवारी अकरा वाजता आमच्या हिंगोलीच्या लहानशा रेडिओ केंद्रात चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. शेवटच्या रांगेत मी एकटा बसलो होतो.

दिपा या केंद्राची निवेदिका आणि कार्यक्रमप्रमुखही. मी वाचनालयात नोकरीला होतो तेव्हा ती फ्रॉकमध्ये पुस्तकं न्यायला यायची. रेडिओवर तिला आता अकरा वर्षं झाली. संस्थेचे अध्यक्ष नरसिंगराव यांना पुढच्या महिन्यापासून बाहेरगावचे तयार कार्यक्रम लावायचे होते. मग दिपाचं कामच उरणार नव्हतं.

"ऐकतं कोण?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा दिपानं फर्माइशीच्या पोस्टकार्डांची पिशवी त्यांच्यापुढे ओतली. सेनगाव, हट्टा, शिरड शहापूर. शिक्के त्या त्या गावचे.

"मग बोलवा यांना. दहा जरी आले तरी तुमचे कार्यक्रम चालू," ते म्हणाले.

तिनं आठवडाभर रेडिओवरून नावं घेऊन बोलावलं. "हट्ट्याच्या शकुबाई, तुमी याच. सेनगावचे वसरामभाऊ, गुडघा दुखत असला तरी जीपनं या."

गुडघा माझा दुखतो. वसरामला तो मी दिला.

अगदी सुरुवातीच्या एका बुधवारी ती म्हणाली होती, "आज एकबी पत्र न्हाई," आणि स्वतःच्याच आवडीचं गाणं लावलं. ते मला सहन झालं नाही. स्वतःच्या नावानं लिहायचा धीर नव्हता. आजवर लिहिलेलं सगळं फाडूनच टाकलं होतं. हेही जमेल असं वाटलं नव्हतं. पण हट्ट्याच्या शकुबाई रचून कार्ड टाकलं, आणि ते वाचून ती हसली. मग दर आठवड्याला एसटीनं जाऊन मी त्या त्या गावच्या पेटीत कार्डं टाकत राहिलो. खरी पत्रं यायला लागली की थांबू, असं ठरवलं होतं.

साडेबारा वाजले.

"दिपाताई, तुमचे श्रोते पायी येऊन राहिले काय?" नरसिंगरावांनी विचारलं.

"सेनगावची गाडी लेट असते, साहेब."

ती चौथ्यांदा फाटकाशी गेली, तेव्हा मी मागोमाग गेलो.

"दिपा, कोणी येणार नाही."

"काहून, सर? काही झालं काय?"

"शकुबाई नाहीत. वसरामही नाही. ती कार्डं मी लिहिली. सगळी."

ती रस्त्याकडेच बघत राहिली.

"शकुबाईची सून बाळंत झाली तवा मी पाळण्याचं गाणं लावलं होतं, सर."

"हो."

तिनं पर्स उघडली. आत लोकरीचं पिवळं टोपडं होतं. "माय म्हणली, शकुबाई आल्या की लेकरासाठी दे."

टोपडं माझ्या हातात ठेवून ती आत गेली. काय करावं कळेना, म्हणून मीही गेलो.

"किती आले?" नरसिंगरावांनी वही उघडली.

"एक," दिपा म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव?"

"मुंजाजी," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहिलं आणि शिपायाला पंखे बंद करायला सांगितले.